फ्रेंच शिस्त, सोलापुरी ताट: वजन आटोक्यात ठेवण्याची रीत

फ्रान्समध्ये लोणी, चीज आणि पाव रोजच्या जेवणात असतात, तरीही तिथल्या प्रौढांमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास आहे, तर अमेरिकेत ते ४० टक्क्यांच्या पुढे गेले आहे. हा फरक पाहून फ्रेंच स्वयंपाकात एखादा गुणकारी पदार्थ असावा असे अनेकांना वाटते, आणि मग ऑलिव्ह तेल नि महागडे चीज घरात येते. माझ्या मते कारण पदार्थांपेक्षा जेवणाच्या रीतीत अधिक आहे. ठरलेल्या वेळी, बसून, बेताने आणि सावकाश जेवणे, दोन जेवणांच्या मध्ये काही न खाणे आणि दिवसभराची लहानसहान कामे पायी करणे ही ती रीत होय. ती सोलापुरात ज्वारीच्या भाकरीवर, वेगळा किराणा न भरता, पाळता येते. आजच्या फ्रान्समध्येही जवळपास निम्म्या प्रौढांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे, त्यामुळे तिथले सगळेच उचलायचे नाही. वाइनमुळे तब्येत राखली जाते ही समजूत तर सोडूनच द्यावी आणि त्यासाठी कोणीही दारूला हात लावू नये.

सुरुवात वेळेपासून करावी. फ्रान्समध्ये सकाळचा नाश्ता हलका असतो, दुपारचे जेवण साधारण बारा ते दीडच्या दरम्यान आणि रात्रीचे साडेसात ते साडेआठच्या सुमारास होते, आणि मधल्या वेळात मोठी माणसे सहसा खात नाहीत. जेवणाच्या वेळेचा तिथे इतका मान आहे की कामाच्या जागेवर बसून जेवण्यास कामगार कायद्यातच मनाई होती आणि करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, सरकारला त्यात तात्पुरती सूट द्यावी लागली. आपल्याकडे नाश्ता नऊला, जेवण एकला आणि रात्रीचे जेवण आठला अशा तीन वेळा ठरवून घ्याव्यात, त्या घरातल्या सगळ्यांना सांगाव्यात आणि पहिले काही आठवडे पदार्थांत काहीही बदल न करता फक्त त्या वेळा पाळाव्यात. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला घड्याळातल्या या वेळा जमणार नाहीत. त्याने पाळीला निघण्यापूर्वी एक पूर्ण जेवण, पाळीच्या मध्यावर डब्यातले हलके खाणे आणि घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी थोडेसे, असा क्रम ठेवावा आणि पाळी असेल त्या सर्व दिवशी तो बदलू नये.

वेळा बसल्या की मधले खाणे उघडे पडते, आणि सोलापुरात त्याचा मोठा वाटा चहाचा आहे. दुकानात गिऱ्हाईक आले, कचेरीत ओळखीचे भेटले, गल्लीत कोणी थांबले, की चहा येतोच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम साखर होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पदार्थांत वरून घातलेल्या साखरेसाठी सुचवलेली उत्तम मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम आहे. जेवणाचा एकही घास घेण्यापूर्वीच ती ओलांडली जाते. चहा सोडण्याची गरज नाही. तो नाश्त्याबरोबर एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा, अर्ध्या साखरेचा, बसून घ्यावा; बाकीच्या वेळी पाणी किंवा मीठ बेताचे घातलेले ताक मागावे. संध्याकाळी पार्क चौपाटीवर जायचे असेल तर त्या दिवशी तेच रात्रीचे जेवण समजावे आणि घरी येऊन पुन्हा ताट मांडू नये. फिरता फिरता खाल्लेले भजी आणि त्यावर घरची भाकरी ही जोड वजन वाढवते.

आता मापाकडे वळू. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पॅरिस आणि फिलाडेल्फिया येथील उपाहारगृहांत गिऱ्हाइकासमोर येणारे अन्न प्रत्यक्ष तोलून पाहिले. पॅरिसमध्ये एका वाढीचे सरासरी वजन २७७ ग्रॅम भरले, तर फिलाडेल्फियात ३४६ ग्रॅम. मॅक्डोनाल्ड्समध्येसुद्धा पॅरिसचे लोक सुमारे २२ मिनिटे बसत होते आणि फिलाडेल्फियाचे सुमारे १४ मिनिटे. म्हणजे अन्न कमी आणि वेळ जास्त. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटे लागतात, त्यामुळे घाईने जेवणारा माणूस ती जाणीव होण्याआधीच एक भाकरी जास्त खाऊन बसतो.

घरी हे माप कसे बसवायचे ते शेंगाच्या चटणीवरून समजेल. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे ५७० किलोकॅलरी असतात. चटणीचा एक भरलेला मोठा चमचा साधारण १५ ग्रॅमचा धरला तर त्यात ८० च्या आसपास किलोकॅलरी होतात, आणि वर लहान चमचाभर तेल सोडले की आणखी ४५. चटणी उत्तम आहे, तिच्यात प्रथिने आहेत आणि तिच्याशिवाय सोलापुरी जेवण पूर्ण होत नाही; मात्र चटणीचा डबा ताटाशेजारी उघडा ठेवला की प्रत्येक घासाला हात डब्यात जातो आणि एका जेवणात तीन चमचे कसे संपले हे कळत नाही. म्हणून चटणी स्वयंपाकघरातच लहान वाटीत एक चमचा काढून घ्यावी, तेलाऐवजी त्यात दही कालवावे आणि डबा फळीवर परत ठेवून मगच जेवायला बसावे. फ्रान्समध्ये दह्याचा नेहमीचा कप १२५ ग्रॅमचा असतो आणि तो संपला की दही संपले असे मानतात; आपल्या घरी ते काम वाटीने करावे. भाकऱ्याही चवडीने समोर ठेवू नयेत. दोन खाणाऱ्याने दीड घ्यावी आणि उरलेली अर्धी हवीशी वाटली तर उठून आणावी.

कडक भाकरी या बाबतीत फार उपयोगी आहे. ती पातळ आणि खरपूस असते, नीट चावल्याखेरीज गिळता येत नाही, त्यामुळे जेवणाचा वेग आपोआप मंदावतो. अट एवढीच की ती ताटात, आमटी किंवा भाजीबरोबर खावी. दूरदर्शनसमोर बसून पिशवीतून एकेक तुकडा मोडत राहिलात तर तीच भाकरी दिवसभराचे मधले खाणे होऊन बसते.

फ्रेंच जेवण एकदम ताटात येत नाही. आधी कच्ची भाजी किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटी दही, चीज किंवा फळ असा क्रम असतो. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या सणासमारंभाच्या जेवणाची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा हा क्रम आणि एकत्र बसण्याची रीत त्या वारशाचा भाग मानली गेली. आपल्याकडेही पहिला भात, मधला भात, मागचा भात असा क्रम होताच. तो असा लावून घ्यावा: आधी काकडी, मुळा, कांदा आणि कोवळ्या मेथीची पाने, ती संपली की उसळ किंवा पालेभाजी आणि भाकरी, मग भात हवाच असेल तर दोन घास, आणि शेवटी ताक. कोशिंबीर आधी खाल्ल्याने पोटात जागा भरते आणि उसळीकडे जाताना भुकेची घाई उरत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि मटकीची उसळ असेल तर या ताटात आणखी काही जोडण्याची गरज पडत नाही.

रात्री फ्रेंच घरांत पुष्कळदा सूप आणि पावाचा तुकडा एवढ्यावर भागते. आपल्याकडे हुलग्याचे माडगे किंवा ताकातल्या ज्वारीच्या कण्या हे त्याहून सरस अन्न आहे. ज्या घरांत ते मागे पडले असेल तिथे आठवड्यातून दोन रात्री तरी ते परत आणावे असे मला मनापासून वाटते, कारण रात्रीचे जेवण हलके झाल्याशिवाय बाकीच्या प्रयत्नांना फळ येत नाही.

अडचण येते ती आग्रहाची. फ्रेंच यजमान पुन्हा वाढू का असे विचारतो आणि पाहुण्याचा नकार सहज स्वीकारतो. आपल्याकडे मामी पातेले घेऊन उभी राहते, “अजून अर्धी घे की, वाळलास किती,” म्हणते, आणि नाही म्हणणे तिला लागते. इथे ताट झाकून वाद घालण्यापेक्षा “मामी, भाजी फार छान झालीय, आता मला फक्त ताक दे,” असे म्हणावे. मागणी केल्याने तिचा मानही राहतो आणि भाकरीही टळते. लग्नाची पंगत, गड्ड्याच्या यात्रेतले खाणे किंवा जानेवारीतला हुरडा हे मात्र मनसोक्त खावे. फ्रेंच कुटुंबेही रविवारचे जेवण तासन्‌तास लांबवतात आणि त्याचा पश्चात्ताप करत बसत नाहीत. संध्याकाळी थोडे घेतात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळांवर परत येतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड खाऊन उपवास केल्याचे समाधान मिळते, पण वजनाच्या दृष्टीने तो दिवस जड जातो, तेव्हा त्या दिवशी भगर, दही आणि फळे घ्यावीत.

मुलांसाठी वेगळी सोय हवी. शाळेतून आल्यावर साडेचारच्या सुमारास फ्रेंच मुलांना ‘गूते’ म्हणून ठरलेले छोटे खाणे मिळते, आणि त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. शाळांमधून खाद्यपदार्थांची आणि शीतपेयांची विक्रीयंत्रे २००५ मध्ये कायद्याने काढण्यात आली. आपल्या मुलाला दप्तर ठेवल्यावर बसवून डाळिंबाचे दाणे आणि दूध, किंवा शेंगदाण्याचा एक लाडू आणि केळे द्यावे. चिप्सच्या पुड्याला सरसकट बंदी घालण्याऐवजी तो घरात आणून ठेवण्याचेच थांबवावे.

चालण्याची बाजू खाण्याइतकीच महत्त्वाची आहे. पॅरिसमध्ये पाव रोज ताजा आणायला पायी जातात, मेट्रोच्या कित्येक स्थानकांवर जिनेच चढावे लागतात, आणि २००७ पासून वेलिब ही भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक सोय आहे. व्यायामशाळेचे तोंड न पाहताही माणसाचे बरेच चालणे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सुचवते. सोलापुरात गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंतही स्कूटर काढली जाते. एक किलोमीटरच्या आतले काम पायी, हा एकच नियम आधी लावून घ्यावा. भाजी आठवड्याची एकदम न भरता एकदिवसाआड, कापडी पिशवी घेऊन, लक्ष्मी मंडईत किंवा घराजवळच्या बाजारात चालत जाऊन आणावी. भाजी ताजी मिळते आणि येताना पिशवीचे ओझेही वाहिले जाते.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दुपारचे चालणे धोक्याचे असते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत सिद्धेश्वर तलावाच्या काठी किंवा कंबर तलावाकडे फेरी मारावी आणि दुसरी फेरी रात्री जेवणानंतर १० ते १५ मिनिटांची, घराजवळच, शतपावलीसारखी करावी. जेवणानंतरच्या या चालण्याने रक्तातील साखर कमी उसळते, म्हणून मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी ते चुकवू नये. पदपथ दुकानांच्या सामानाने भरलेले असतात आणि रात्री मोकाट कुत्र्यांची भीती असते. वहिनी, जाऊ, शेजारीण अशा तिघी-चौघींनी मिळून निघाल्यास फेरी सुरक्षित होते आणि टिकतेही.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी पाहावे, आणि कमरेचा घेर शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरून महिन्याला मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात, कारण आपल्या अंगावरची चरबी पोटावर लवकर साठते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तर ते पुरेसे आहे. जे इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी मधले खाणे बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात, नाहीतर साखर अचानक खाली जाऊ शकते; गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वेळा पाळाव्यात, मात्र ताट लहान करू नये.