डीजे आणि म्युझिक प्रॉडक्शनसाठी लॅपटॉप घेताना

दुकानात जाऊन ‘म्युझिकसाठी लॅपटॉप दाखवा’ म्हटलं की बहुतेक वेळा गेमिंगचा लॅपटॉप पुढे येतो. नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. गाणं बनवताना त्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही, आणि कधीकधी त्याचाच ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आवाजात खोडा घालतो.

हे कसं होतं ते समजून घ्या. लॅपटॉप आवाज छोट्या तुकड्यांत तयार करतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) धरले आणि १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर एका तुकड्यासाठी सुमारे २.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की स्पीकरमधून ‘टक्’ येतं, कडकड होते. बफर ५१२ केला की ११.६ मिलिसेकंद मिळतात, कडकड थांबते, पण कीबोर्डवर बोट पडल्यावर सूर उशिरा ऐकू येतो. म्हणून रेकॉर्डिंगला बफर लहान आणि मिक्सिंगला मोठा ठेवतात. प्रोसेसर कितीही दमदार असला, तरी वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच त्याला अडवून बसला, तर ती वेळ चुकतेच.

ही अडवणूक तपासायला विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ नावाचं प्रोग्रॅम आहे. लॅपटॉप चार्जरला लावून ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते नावासकट दिसतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी सेकंड-हँड घेत असाल, तर हे करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपन्यांतून बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड असे लॅपटॉप मला नवशिक्यांसाठी फार आवडतात. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते आणि साधे यूएसबी पोर्टही भरपूर असतात. बॅटरी मात्र बदलावी लागेल असं धरूनच भाव करा.

फक्त ट्रॅक मिक्स करायचे असतील तर ८ जीबी रॅमवर भागतं. पण सेराटो किंवा रेकॉर्डबॉक्स या डीजेंच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायचा, किंवा घरी तबला-ढोलकीच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच) उघडायच्या, तर १६ जीबी हवीच. डिस्क एसएसडीच घ्या. प्रोसेसर निवडताना नुसते कोअर मोजू नका. एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगिन (इफेक्ट किंवा वाद्यांची जोड-सॉफ्टवेअर) सहसा एकाच कोअरवर चालतात, त्यामुळे एकेका कोअरचा वेग बघा.

मॅकबुक? परवडत असेल तर जरूर घ्या. आवाजाची व्यवस्था तिथे मुळातच चांगली आहे, विंडोजसारखा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा खास ड्रायव्हर) शोधत बसावं लागत नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. एम१ चिपपासूनच्या मॅकबुक एअरला पंखा नाही. मे महिन्यातल्या उघड्या मांडवात बराच वेळ जड काम दिलं तर तो हळू पडतो. गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिक प्रो विंडोजवर चालत नाही, एफएल स्टुडिओ मात्र २०१८पासून मॅक आणि विंडोज दोन्हींकडे आहे.

मांडवाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. जनरेटरवर लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून ‘हूं’ असा घुमणारा आवाज येतो का, ते कार्यक्रमाआधी ऐका. चार्जर काढल्यावर तो थांबला, तर बहुधा अर्थिंगचा लूप झालेला असतो, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थिंगला जोडले गेलेले असतात. त्यावर मिक्सर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये ऑडिओ केबलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा तो आत असलेला डीआय बॉक्स लावा, म्हणजे तो लूप तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका, जिवावर बेतेल. वाजवायला बसण्याआधी वायफाय बंद, विंडोज अपडेट थांबवलेलं आणि पॉवर सेटिंग ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर हवं.

सगळे पैसे लॅपटॉपमध्ये घालू नका. चांगला हेडफोन आणि ऑडिओ इंटरफेस (माइक, स्पीकर जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) किंवा छोटा कंट्रोलर (बटणं-नॉब असलेलं डीजेचं यंत्र) यांसाठी रक्कम बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरची घाई नाही. एफएल स्टुडिओची ट्रायल हवे तितके दिवस वापरता येते. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, म्हणून रोजचं काम ऑडिओ फाइल करून ठेवत जा.