इम्प्लांट शस्त्रक्रियेनंतर स्तन असमान दिसत असतील तर काय करावे

इम्प्लांट (स्तनात बसवलेली सिलिकॉनची किंवा सलाइन म्हणजे खारट पाणी भरलेली पिशवी) बसवल्यावर पट्ट्या सुटतात आणि आरशात एक बाजू वर, दुसरी खाली, किंवा एक मोठी, दुसरी लहान दिसते, तेव्हा धसका बसणे साहजिक आहे. अशा वेळी सर्वांत आधी हा फरक केव्हा आणि किती वेगाने आला हे आठवावे, कारण धावपळ करायची की वाट पाहायची, हे बहुतांशी त्यावरच ठरते.

पहिल्या काही दिवसांत एक बाजू तासाभरात किंवा काही तासांत फुगली, ताठ झाली, ठणकू लागली किंवा जांभळी पडली, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि ते काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ताप, वाढती लाली आणि टाक्यांतून येणारा पू ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. शस्त्रक्रिया छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला झाली असेल आणि घर आडगावी असेल, तर सकाळच्या एसटीची वाट पाहत बसू नये. डॉक्टरांना फोन करून रात्रीच निघावे, आणि ते शक्य नसल्यास जवळचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. म्हणूनच पहिले दोन-तीन दिवस शहरातच नातेवाइकांकडे मुक्काम करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

याउलट, हळूहळू लक्षात आलेला सौम्य फरक बहुतेक वेळा सूज दोन्ही बाजूंना सारखी न उतरल्यामुळे असतो. स्नायूखाली बसवलेले इम्प्लांट सुरुवातीला वरच्या बाजूला राहते आणि स्नायू सैलावेल तसे खाली येते; त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. बरगड्यांची ठेवण आणि स्तनाग्रांची उंची मुळातच दोन्ही बाजूंना थोडी वेगळी असते, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचे फोटो पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कर्करोगामुळे एकच स्तन काढून तेथे इम्प्लांट बसवले असेल, तर ती बाजू घट्ट राहते आणि नैसर्गिक बाजू वय व वजनाप्रमाणे बदलत जाते. किरणोपचार झालेल्या बाजूला इम्प्लांटभोवती शरीराने तयार केलेले आवरण आकसण्याचा धोकाही जास्त असतो.

वाट पाहण्याच्या काळात नोंद ठेवावी. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच उजेडात, हात खाली सोडून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. शिंप्याच्या टेपने गळ्याखालच्या खळग्यापासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. रोज मोजू नये, त्याने केवळ चिंता वाढते.

घरकामाचा प्रश्न आपल्याकडे अधिक गंभीर आहे. टँकर आला की घागर उचलावीच लागते, परंतु डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत, जी सहसा चार ते सहा आठवड्यांनी मिळते, घागर, पाण्याचा हंडा किंवा कापसाचे गाठोडे उचलू नये, कारण छातीच्या स्नायूवर ताण आल्यास इम्प्लांट जागेवरून सरकू शकते. ही गोष्ट घरच्यांना शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगून पाणी भरण्याची सोय करून ठेवावी. गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक घेऊ नये. त्वचा बधिर असल्याने भाजलेले कळत नाही. मालिशही डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय करू नये. उन्हाळ्यात आधाराच्या ब्राखाली घाम साचून पुरळ येते, तेव्हा दोन ब्रा ठेवून रोज धुतलेली वापरावी.

काही वर्षांनंतर नव्याने आलेला फरक मात्र कधीही साधा समजू नये. स्तन घट्ट होऊन वर ओढला गेल्यास इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसलेले असू शकते. सलाइनचे इम्प्लांट फुटले तर स्तन थोड्याच दिवसांत बसतो. सिलिकॉनचे फुटल्यास बाहेरून बहुतेकदा काहीच कळत नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवली आहे. एक बाजू अचानक सुजली, तर साचलेल्या द्रवाची तपासणी करून घ्यावी, कारण खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) होतो.

सुधारणा शस्त्रक्रियेचा निर्णय, तातडीचे कारण नसेल तर, सहा महिन्यांआधी घेऊ नये. तेव्हा प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी असलेल्या डॉक्टरांना नोंदवही, जुने फोटो आणि कंपनी, आकार व क्रमांक लिहिलेले इम्प्लांट कार्ड दाखवावे, आणि फरक नेमका कशामुळे आहे, इम्प्लांट बदलावे लागेल की केवळ जागा दुरुस्त करता येईल, खर्च किती येईल, हे स्पष्ट विचारावे.