लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस

लेहला जायचं ठरलं की ओळखीपाळखीतले फोन मला येतातच, आणि पहिला प्रश्न असतो, स्वेटर किती घ्यायचे? स्वेटरचं नंतर बघू. पोचल्यावर पहिले दोन दिवस काय करणार, ते आधी सांगा. उत्तर 'काही नाही' असंच यायला हवं.

आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम २,००० फुटांवर. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. आणि लेहचा बाजारच ११,५०० फुटांवर भरतो. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. मुंबईहून विमानाने गेलं की काही तासांत एवढी उंची अंगावर येते. 'आम्ही दर रविवारी ब्रह्मगिरी चढतो' याचा इथे उपयोग नाही. दम वेगळा आणि विरळ हवेची सवय वेगळी; ती धडधाकट माणसालाही सावकाशच होते.

आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या खेपेला सहलवाल्यांनी दुसऱ्याच सकाळी आम्हाला खारदुंग ला खिंडीत नेलं, १७,५०० फुटांच्या वर. तिथे माझ्या ताईला जॅकेटची चेन लावता येईना. दोन्ही टोकं हातात धरून ती नुसती बघत बसली. मला वाटलं, थंडीने बोटं बधिर झाली असतील. ड्रायव्हरने मात्र तिच्याकडे एकदाच पाहिलं, दार लावलं आणि गाडी वळवली. ती रात्र ताईने लेहच्या हॉस्पिटलात, नाकाला नळी लावून काढली.

म्हणून नीट लक्षात ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, रात्री मध्येच दचकून जाग येणं हे बऱ्याच जणांना होतं. ते थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही, एवढंच. पण चालताना झोक जाणं, साध्या कामात गोंधळ होणं, बसल्या जागी धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटल, आणि वर असाल तर त्याच क्षणी खाली. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी शेजाऱ्यांनी सांगितली म्हणून घेऊ नका; आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

पहिल्या दिवशी आंघोळ राहू द्या. जिने कमी चढा. थोडं थोडं पाणी दिवसभर पीत राहा. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं. झोपताना नाकपुड्यांना साजूक तुपाचं बोट फिरवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सावकाश फेरी मारा. पदपथावर लडाखी बायका भाजी आणि जर्दाळू घेऊन बसतात. त्यांना 'जुले' म्हणा. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळं त्या एका शब्दात येतं. तिथूनच वर नऊ मजली राजवाडा दिसतो आणि नदीपल्याड स्तोकचे बर्फाचे डोंगर. शांती स्तूपाच्या पायऱ्या मात्र या दोन दिवसांत नकोच.

तिसऱ्या दिवशी सिंधूच्या कडेने खाली आल्चीला जा. ते लेहपेक्षा खाली आहे, वाटेत निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम लागतो. नुब्राचं खोरं त्यानंतर, वाटेतल्या खारदुंग ला खिंडीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पँगाँग सरोवराचा मुक्काम अगदी शेवटी, कारण तिथे झोपायचंच १४,००० फुटांवर.

वेळ असेल तर श्रीनगरमार्गे जा. सोनमर्ग, कारगिल असे मुक्काम करत चढलं की शरीर सावरतं. दुसऱ्या खेपेला ताईला आम्ही असंच नेलं, काही त्रास झाला नाही. मनालीच्या रस्त्याने पहिल्यांदाच जाऊ नका, त्यात सरचूचा मुक्काम फार उंचावर पडतो.

पाण्याबद्दल कळकळीने सांगते. लेहला वर्षाचा पाऊस साधारण १०० मिलिमीटर. आपल्या इगतपुरीला तेवढा एका दिवसात पडतो. तिथली शेतं वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर, पाळीपाळीने भिजतात. तेव्हा शॉवर नको, बादली घ्या. घरगुती मुक्कामात कोरडा संडास असेल तर नाक मुरडू नका. नंतर फावडंभर माती टाकायची, त्याचंच खत शेतात जातं.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घ्या. चिवड्याची पाकिटं वर फुगून टम्म होतात, म्हणून चिवडा डब्यात भरा. मेतकूट न्याच, पण मऊ भात कुकरमध्येच लावायला सांगा. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. नुसत्या पातेल्यात भात कितीही वेळ ठेवला तरी कणी राहते.