पोदेराचा हॉर्न वाजला की खाली उतरा

गोव्यात पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा सहा महिने समोरच्या दाराची नावाची पाटी सोडून काही माहीत नव्हतं. मग सकाळी पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, हॉर्न वाजला की पिशवी घेऊन स्वतः खाली जायला लागलो आणि तिथेच सगळी बिल्डिंग भेटली! सायकलभोवती उंडे, कांकणं असे पाव घेताना पाच मिनिटं माणसं आपोआप बोलतात, कुणाची आई आजारी, कुणाचं पाणी आलं नाही, सगळं कळतं. म्हणून पाव ऑनलाइन मागवू नका प्लीज.

दुसरं म्हणजे चवथीचं, गणेश चतुर्थीचं. अर्धी बिल्डिंग कुलूप लावून गावच्या घरी जाते, त्याच्या आठवडाभर आधी शेजाऱ्यांना विचारून ठेवा कोण जातंय कोण राहतंय, एक चावी आणि गावचा नंबर द्या, गॅसचा रेग्युलेटर बंद केलाय का तेही एकमेकांना आठवण करा. आम्ही मागच्या वर्षी राहिलो होतो, वरच्या काकींच्या घरात बाथरूमचा पाइप फुटला, चावी आमच्याकडे होती म्हणून लगेच कॉक बंद करता आला. परत आल्यावर त्यांनी डबाभर नेवऱ्या (करंज्या) आणि माटोळीतलं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीतलं, तोरिंजन हे लिंबासारखं मोठं फळ आणून दिलं, आता त्यांच्याकडे घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीला आम्हालाही बोलावणं असतं.