बंगालच्या फाळणीवर काम करायचंय? ठाण्यांचा नकाशा घेऊन बसा

फाळणीवर पीएच.डी. करायची म्हणून विद्यार्थी विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंजाब असतो. मग कुणीतरी त्यांना सांगतं की पंजाबवर पुष्कळ लिहून झालंय, तू बंगाल घे. आणि मग पंजाबचेच प्रश्न घेऊन ही मंडळी बंगालकडे वळतात. मी या विषयात बरीच वर्षं आहे, कोलकात्यात राहून काम केलंय, म्हणून आधीच सांगते: बंगाल जरूर घ्या, पण पंजाबचे प्रश्न सोबत नेऊ नका.

पंजाबात माणसांची अदलाबदल मुख्यतः काही महिन्यांत झाली. बंगालमध्ये ती कित्येक वर्षं चालू राहिली. काही कुटुंबं 1947 लाच निघाली. फेब्रुवारी 1950 मध्ये बारिसाल, ढाका भागात दंगली झाल्या तेव्हा मोठे लोंढे आले. ऑक्टोबर 1952 मध्ये पासपोर्ट लागू होणार म्हटल्यावर आणखी आले, 1964 च्या दंगलींनंतर पुन्हा आले. 1971 मध्ये तर सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यातली बहुतेक युद्धानंतर परतली. त्यामुळे ‘तुम्ही फाळणीच्या वेळी कधी आलात?’ असा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलात, तर तो आधी विचारतो, ‘कुठल्या वेळी?’

सुरुवात 1905 च्या पहिल्या फाळणीपासून करू नका आणि 1947 पासून तर नकोच. 1793 पासून करा. प्लासी 1757, दिवाणी 1765, 1770 चा दुष्काळ हे सगळं पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, त्याची उजळणी दोन दिवसांत होते. खरा वेळ द्यायचा तो जमीनदारांनी भरायचा सारा कायमचा ठरवून देणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या 1793 च्या कायमधारा पद्धतीला. मराठी विद्यार्थ्याची इथे विशेष अडचण होते. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी होती. शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा आणि सातबारा आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे. बंगालमध्ये सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये अख्खी उतरंड होती. वर जमीनदार, त्याच्याकडून हक्क घेतलेला पत्तनीदार, गावात दबदबा असलेला जोतदार आणि तळाशी निम्म्या पिकावर राबणारा बर्गादार. पूर्व बंगालच्या जिल्ह्यांत वरचे बहुतेक उच्चवर्णीय हिंदू, आणि कसणारे बहुतेक मुसलमान किंवा नमःशूद्र या दलित जातीचे. 1872 ची पहिली जनगणना झाली तेव्हा पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मुसलमान बहुसंख्य आहेत हे पाहून खुद्द इंग्रज अधिकारीही चकित झाले होते.

ही उतरंड डोक्यात बसली की पुढच्या घटनांना अर्थ येतो. फझलुल हक यांचा कृषक प्रजा पक्ष 1937 च्या निवडणुकीत जमीनदारी मोडण्याची भाषा का करत होता, 1946–47 च्या तेभागा आंदोलनात बर्गादार निम्म्याऐवजी पिकाचे तीनपैकी दोन वाटे का मागत होते, हे उलगडतं. मधे 1943 चा दुष्काळ. त्यात सुमारे तीस लाख माणसं गेली, तीही शहरापेक्षा खेड्यांतली, भूमिहीन, कोळी, नावाडी. नोआखालीतली ऑक्टोबर 1946 ची दंगल समजून घ्यायची तर धर्माइतकाच तिथल्या जमिनीचा आणि कर्जाचा इतिहास वाचावा लागतो. हे न वाचता लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यांत 16 ऑगस्ट 1946 ची कोलकात्यातली दंगल आभाळातून पडल्यासारखी येते.

1905 बद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल आपल्याला बऱ्यापैकी माहिती असते. 16 ऑक्टोबर 1905 ला कर्झनने प्रांत तोडला, 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात ती फाळणी रद्द झाली. त्याच दरबारात राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. भारत सरकारचा गृहसचिव रिस्ले याच्या टिपणात स्पष्ट लिहिलंय की एकसंध बंगाल ही एक शक्ती आहे आणि तो तोडला तर निरनिराळ्या दिशांना ओढला जाईल. पण एवढ्यावर थांबू नका. ढाक्याकडून पाहिलं तर नवी राजधानी मिळाली होती, नोकऱ्या मिळणार होत्या. मुस्लिम लीगची स्थापना डिसेंबर 1906 मध्ये ढाक्यातच झाली. कोलकात्याने 1911 ला आनंद केला तेव्हा ढाक्यात निराशा होती. 1921 मध्ये उघडलेलं ढाका विद्यापीठ हे त्या निराशेवरचं उत्तर होतं. मराठी विद्यार्थ्याला इथे हक्काचं साधन आहे: ‘केसरी’चे जुने अंक. 1908 च्या मुझफ्फरपूर बॉम्बप्रकरणावरच्या अग्रलेखांसाठीच टिळकांना सहा वर्षं मंडालेला धाडलं. सखाराम गणेश देउस्कर या मराठी कुळातल्या बंगाली लेखकाचं ‘देशेर कथा’ इंग्रजांच्या लुटीचा हिशेब मांडतं. ते 1904 चं आहे आणि सरकारने त्यावर पुढे बंदी घातली. देउस्करांवर मराठीत अजून पुष्कळ काम होण्यासारखं आहे.

आता मुख्य मुद्दा. 1947 मध्ये सीमा आखून देणाऱ्या रॅडक्लिफचा बंगाल निवाडा मिळवा आणि तो शांतपणे वाचा. मजकूर थोड्या पानांचाच आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की पंजाब आयोगाचं कामही त्याच वेळी चालू असल्यामुळे बंगालच्या जाहीर सुनावण्यांना आपण स्वतः हजर नव्हतो, रोजचं कामकाज कागदावर वाचत होतो. मग तो स्वतःसमोरचे प्रश्न मांडतो. पहिलाच प्रश्न कोलकाता कुणाला द्यायचा, की शहरच वाटून देता येईल? आणि मग परिशिष्टात रेघ सुरू होते. दार्जिलिंग जिल्ह्यातलं फाँसीदेवा ठाणं आणि जलपाईगुडी जिल्ह्यातलं तेतुलिया ठाणं यांच्या हद्दीने, ती बिहार प्रांताला भिडते तिथून. पुढे तेतुलिया आणि राजगंज, मग पचागड आणि राजगंज, मग पचागड आणि जलपाईगुडी. अशी ठाण्यामागून ठाणी, मध्येच कुठे नदीचा प्रवाह. ठाणं म्हणजे पोलीस ठाण्याची हद्द, जनगणनेचे आकडेही त्याच हद्दीने मोजलेले. म्हणून म्हणते, ठाणेवार नकाशा भिंतीवर लावा, 1941 च्या जनगणनेचे तक्ते बाजूला ठेवा आणि बोट ठेवत ठेवत ही रेघ स्वतः आखा. आठवडा जाईल, पण त्या आठवड्यात जे कळतं ते वर्षभर पुस्तकं वाचून कळत नाही. हिंदू बहुसंख्य खुलना पाकिस्तानात आणि मुसलमान बहुसंख्य मुर्शिदाबाद भारतात का, हा प्रश्न समोर येतो आणि मग हुगळीला पाणी कुठून मिळतं इकडे नजर जाते. चितगाव डोंगरी प्रदेशात तर जवळपास सगळी वस्ती बिगरमुस्लिम होती, तरी तो पाकिस्तानला गेला.

याच मजकुरात एक जागा आहे, तिथे थांबा. रेघेच्या वर्णनात बोदा या ठाण्याचा उल्लेख राहून गेला. त्यावरून जलपाईगुडी ठाण्यातल्या बेरुबारी युनियन (म्हणजे काही गावांचा गट) क्रमांक 12 वर पाकिस्तानने 1952 मध्ये दावा सांगितला. 1958 मध्ये नेहरू–नून करारात ती निम्मी-निम्मी करायचं ठरलं, 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, म्हणून नववी घटनादुरुस्ती झाली. स्पर्धा परीक्षा देणारे आपले विद्यार्थी ‘बेरुबारी खटला’ सरनाम्यावरच्या प्रश्नासाठी पाठ करतात. पण ती पावणेनऊ चौरस मैलांची जमीन होती, दहा-बारा हजार माणसं तिथे राहत होती, आणि पुढची कित्येक वर्षं आपण कुठल्या देशात आहोत याची त्यांना खात्री नव्हती. 1974 च्या इंदिरा–मुजीब करारात ठरलं की दक्षिण बेरुबारी भारताकडे राहील, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे अडकलेल्या छिटमहलांची, म्हणजे चहूकडून दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांची, अदलाबदल तर 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री झाली.

आणखी एक कागद चुकवू नका: 20 जून 1947 चं बंगाल विधानसभेतलं मतदान. आधी एकत्र बैठक, तिथे 126 विरुद्ध 90 मतांनी नव्या, म्हणजे पाकिस्तानच्या घटना समितीत जायचा कौल. मग दोन गट वेगळे बसले. पूर्वेकडच्या आमदारांनी 106 विरुद्ध 35 मतांनी फाळणीला नकार दिला, पश्चिमेकडच्यांनी 58 विरुद्ध 21 मतांनी होकार. एका गटाने होकार दिला तरी प्रांत तुटेल असा नियम होता. शरत बोस आणि मुस्लिम लीगचे सुऱ्हावर्दी, अबुल हाशिम या बंगाली नेत्यांची अखंड बंगालची खटपट इथे संपली. पूर्वेकडे सामान्य माणसाला विचारलं गेलं ते फक्त आसाममधल्या सिलहटला, जुलैमधल्या सार्वमतात.

बंगाली शिकल्याशिवाय हे काम होत नाही. इंग्रजी कागदांवर भागवता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तत्सम शब्दांमुळे मराठी माणसाला छापील बंगाली लवकर साधते. जुनं हस्ताक्षर आणि बारिसाल-नोआखालीची बोली यांना मात्र वेळ द्यावा लागतो. कागदांवर बंगाब्द, म्हणजे बंगाली सन, असतो. त्यात 593 मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर 594.

अभिलेखागारांबद्दल दोन-तीन गोष्टी. कोलकात्यात राज्य अभिलेखागार, अलीपूरचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि बंगीय साहित्य परिषद, दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार, ढाक्यात आगारगावचं राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीचा बराच ऐवज ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या पाहता येतो, तो आधी संपवा. मार्गदर्शकाचं लेटरहेडवरचं पत्र, ओळखपत्राच्या प्रती, फोटो जवळ असू द्या. कोलकात्याची फेरी दुर्गापूजेच्या आसपास ठेवू नका, सरकारी कचेऱ्या बंद असतात. फाइलीतला शेवटचा आदेश उतरवून उठू नका, त्याआधीची नोटिंग वाचा. कोण कुणाशी सहमत नव्हतं ते तिथे दिसतं.

पण माझं आग्रहाचं सांगणं वेगळंच आहे: आधी माणसांकडे जा. 1950 ला दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आणि त्यासाठी बंगालपर्यंतसुद्धा जायला नको. निर्वासितांना वसवण्याची दंडकारण्य योजना 1958 मध्ये सुरू झाली, आणि त्या काळात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही उभ्या राहिल्या. चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत आजही बंगाली बोलणारी गावं आहेत. त्यांतले बरेच नमःशूद्र. हा धागा थेट आपल्या इतिहासाला जोडलेला आहे: 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणीने ती जागा गेली आणि बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि ऑक्टोबर 1950 मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले.

मुलाखतीला बसाल तेव्हा दंगलीने सुरुवात करू नका. घराभोवती काय होतं ते विचारा. तळं कुठल्या दिशेला होतं, सुपारीची झाडं किती, पावसाळ्यात शाळेत होडीने जायचात का. मुलचेऱ्याकडच्या एका आजींनी माझ्याशी आधी तासभर फक्त तळ्यातल्या मासळीबद्दल बोलणं केलं. कोणता मासा कधी धरायचा, कोणता पाहुण्यांसाठी राखायचा. निघाल्याची रात्र त्यांनी नंतर आपण होऊन सांगितली, मी विचारली नव्हती. बोलता बोलता माणूस गप्प झाला तर रेकॉर्डर बंद करा. नाव छापायचं की नाही हे त्यांना विचारा, आणि मुलाखतीची प्रत त्यांच्या घरी देऊन या.

भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या फेलोशिपसाठी प्रस्ताव लिहाल तेव्हा ‘बंगालची फाळणी: एक अभ्यास’ असलं शीर्षक देऊ नका. ठाणं, काळ आणि प्रश्न तिन्ही लिहा. ताग पूर्वेला पिकायचा आणि गिरण्या हुगळीच्या काठाला. सप्टेंबर 1949 मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्तानने केलं नाही आणि दोघांमधला व्यापार अडला. त्या हंगामात सीमेवरच्या एखाद्या ठाण्यातल्या ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याने माल कुणाला, कोणत्या वाटेने विकला, एवढ्या प्रश्नावर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.