दारू सोडल्यानंतरचे पहिले वर्ष: सोडणाऱ्याने काय करावे, जोडीदाराने काय करावे

दारू सोडायची असे ठरले की बहुतेक घरांत सगळी ताकद पहिल्या आठवड्यातच खर्ची पडते आणि पुढच्या महिन्यांसाठी कोणाकडेच काही उरत नाही. शरीर दारूविना राहायला काही दिवसांत शिकते. मात्र संध्याकाळ, मित्र, सुट्टी, झोप आणि भांडणसुद्धा ज्या सवयीभोवती वर्षानुवर्षे लागलेले असते, ती घडी बदलायला खूप अधिक काळ जातो. या काळात दारू सोडणाऱ्याची आणि त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराची कामे वेगवेगळी असतात. ती कामे आधीच वाटून घेतली नाहीत, तर एकजण पहारेकरी होतो, दुसरा आरोपी होतो आणि दोघेही थकून जातात.

सुरुवात डॉक्टरांपासून करावी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक दारू बंद केली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते आणि झोप उडते. पहिल्या 48 तासांत फीट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ताप येतो, नसलेली माणसे दिसू लागतात, आपण कुठे आहोत हेही कळेनासे होते. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ‘मनावर घेतले की झाले’ असे सांगून माणसाला खोलीत कोंडून ठेवणारे नातेवाईक कितीही मायेने ते करीत असले, तरी त्याचा जीव धोक्यात घालत असतात. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखी औषधे देऊन त्यांची मात्रा काही दिवसांत उतरवत नेतात, आणि बी-1 जीवनसत्त्व म्हणजे थायमिनही देतात, कारण त्याच्या तीव्र कमतरतेमुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूर्वी कधी दारू थांबवताना फीट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर हे दिवस रुग्णालयातच काढावेत.

त्यानंतरच्या औषधांबद्दल घरोघरी बरेच गैरसमज असतात. नाल्ट्रेक्सोनमुळे पिण्यातून मिळणारी मजा आणि तल्लफ कमी होऊ शकते. अकॅम्प्रोसेट दारू थांबवलेल्या माणसाला थांबलेले राहायला मदत करते. यकृत आणि मूत्रपिंड कसे आहेत हे पाहून डॉक्टर यांतून निवड करतात. डायसल्फिरामचे काम निराळे आहे. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू घेतली की शरीरात दारूपासून बनणारे विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते आणि चेहरा लालबुंद होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही सुमारे 2 आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, आणि अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध किंवा माउथवॉशही त्रासदायक ठरू शकते. ही गोळी चहातून किंवा जेवणातून नकळत देण्याचा सल्ला अनेक जोडीदारांना कोणीतरी हितचिंतक देतोच. तो मुळीच ऐकू नये. गोळी पोटात आहे हे माहीत नसलेला माणूस नेहमीसारखा प्यायला, तर त्याचे हृदय बंद पडू शकते, आणि तो वाचला तरी त्या घरातल्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो.

आता तल्लफेविषयी, कारण वर्षभर रोज गाठ पडते ती हिच्याशी. तल्लफ येते तेव्हा ती आता वाढतच जाणार आणि घेतल्याशिवाय शमणार नाही असे वाटते, पण प्रत्यक्षात ती चढते, शिखर गाठते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेव्हा निर्णय आयुष्यभराचा घ्यायचा नसतो, त्या अर्ध्या तासाचा घ्यायचा असतो. समजा, संध्याकाळचे सात वाजले आहेत, काम संपले आहे, घशाला कोरड पडली आहे आणि ‘आज एकच’ हे वाक्य मनात आले आहे. अशा वेळी आधी घड्याळ पाहावे. काही खाल्ले नसेल तर पोटभर खावे, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तल्लफ अधिक जोराने येते, आणि भूक त्यांतली सर्वांत लवकर मिटणारी आहे. मग जागा बदलावी: खुर्ची सोडून बाहेर चालायला जावे, मात्र नेहमीच्या दुकानावरून किंवा बारवरून जाणारा रस्ता टाळावा. चालता चालता एका ठरलेल्या माणसाला फोन करून ‘मला आत्ता घ्यावीशी वाटते आहे’ एवढेच सांगावे. हा माणूस शक्यतो जोडीदार नसावा. स्वयंसहायता गटातला जुना सदस्य असेल तर उत्तम, कारण हे वाक्य ऐकून त्याच्या पोटात गोळा येत नाही. कोणत्या वाराला, कोणाबरोबर, कशानंतर तल्लफ आली हे वहीत एका ओळीत लिहीत गेल्यास महिनाभरात तिची वेळ आणि वाट बरीचशी ओळखीची होते. झोप मात्र अनेकांना आठवडेच काय, काही महिनेही त्रास देते. त्यावर कोणाची तरी उरलेली झोपेची गोळी घेऊ नये. एका व्यसनाच्या जागी दुसरे लागायला तेवढे निमित्त पुरते.

जोडीदाराच्या वाट्याला यातले काय येते? घरात दारू नसणे, एवढी गोष्ट दोघांनी मिळून पाळता येते. तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, दर तासाला फोन करणे यांतून काही काळ धीर मिळतो, पण पाळत वाढली की लपवण्याचे कौशल्यही वाढते. त्यापेक्षा दारूविना गेलेली संध्याकाळ खरोखर बरी जाईल असे पाहणे अधिक उपयोगी पडते: एकत्र जेवणे, फिरायला जाणे, आणि जुना हिशोब त्याच रात्री न काढणे. त्याचबरोबर दारूचे परिणाम स्वतः निस्तरणे थांबवावे. प्यायल्यामुळे कामावर जाता आले नाही, तर ‘बरे नाही’ असा फोन जोडीदाराने करू नये. उधारी फेडू नये. नशेत असताना वाद घालू नये, तो विषय सकाळी काढावा. नात्यातल्या माणसांना या पद्धतीचे प्रशिक्षण देणारा ‘क्राफ्ट’ नावाचा उपक्रम मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला, आणि उपचार नाकारणारी माणसेही त्यामुळे उपचारांकडे वळतात असे अभ्यासांत दिसून आले आहे. मारहाण होत असेल तर हे सगळे बाजूला ठेवून आधी स्वतः आणि मुलांसह सुरक्षित जागी जावे. व्यसन हे हिंसेचे स्पष्टीकरण असू शकेल, परवानगी नाही.

जोडीदारालाही स्वतःचा आधार लागतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची स्वयंसहायता संघटना 1935 मध्ये सुरू झाली आणि कुटुंबीयांसाठीची अल्-अ‍ॅनॉन 1951 मध्ये, यावरून ही गरज किती आधी ओळखली गेली ते दिसते. पिणारा अजून सोडायला तयार नसला तरी जोडीदार अशा गटात जाऊ शकतो, आणि माझ्या मते जावेच.

एखादा पेला पुन्हा घेतला जाणे अनेकांच्या बाबतीत घडते, आणि खरे नुकसान त्यानंतरच्या विचाराने होते: ‘आता मोडलेच आहे, तर मग पुरते पिऊ.’ मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी घसरण आणि पुन्हा पूर्ण व्यसनात जाणे यांत याच ठिकाणी फरक केला. त्यामुळे घसरणीची योजना चांगल्या दिवशी, शांतपणे बसून, लिहून ठेवावी. पिणे तिथेच थांबवायचे, त्याच दिवशी जोडीदाराला सांगायचे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठायचे, आणि जोडीदाराने ऐकताना ‘मला माहीतच होते’ हे वाक्य गिळायचे. सलग काही दिवस पिणे झाले असेल, तर पुन्हा अचानक थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. व्यसन हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थाचे असेल, तर घसरण कितीतरी अधिक धोकादायक असते: शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. अशा घरात नॅलॉक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध कसे द्यायचे हे डॉक्टरांकडून शिकून ते हाताशी ठेवावे, आणि दिल्यानंतरही रुग्णवाहिका बोलवावी.

काही महिने नीट गेले की गोळ्या आपणहून बंद करण्याचा आणि गटाच्या बैठका चुकवण्याचा मोह होतो, शिवाय ‘आता एखादी घेऊन पाहायला हरकत नाही’ असे सांगणारे मित्रही याच सुमारास परततात. औषध कधी थांबवायचे हे डॉक्टरांबरोबरच ठरवावे, आणि तोपर्यंत तपासणीच्या पुढच्या भेटीची तारीख दोघांच्याही फोनमध्ये नोंदवलेली असावी.