वेस्टवुडचं प्रदर्शन पाहायला निघालेल्या पंकप्रेमींसाठी

ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडच्या कामाचा आढावा घेणारी प्रदर्शनं बहुधा काळाच्या क्रमानं मांडलेली असतात. त्यामुळे पंक, म्हणजे सत्तरच्या दशकातली बंडखोर संगीत-पोशाखाची लाट, पहिल्या एक-दोन दालनांतच भेटतं. चाहते तिथे तासभर रमतात आणि पुढचे रेशमी झगे पाहत घाईनं बाहेर पडतात. हे टाळायला हवं, कारण लंडनच्या किंग्ज रोडवरच्या 430 क्रमांकाच्या तिच्या दुकानात सुरू झालेलं काम त्या झग्यांतही चालूच राहिलेलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं (व्ही अँड ए) 2004 मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात दीडशेहून जास्त पोशाख होते. एवढा पसारा नीट पाहायचा तर अडीच तास हाताशी ठेवा.

विशेष प्रदर्शनाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवसाची सकाळची पहिली वेळ घ्या. आत गेल्यावर आधी न थांबता शेवटपर्यंत चालत जा, पंधरा मिनिटांत होतं, आणि मग मागे वळा. फक्त बाहेरच्या दाराच्या अलीकडेच थांबा. बऱ्याच ठिकाणी एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत.

पंक पोशाखात जरूर जा, पण टोकदार स्टड असलेले पट्टे आणि लोंबत्या साखळ्या घरी ठेवा. स्टडनं काचेवर ओरखडा उठतो, आणि उघड्या चौथऱ्यावरच्या सैल विणीच्या मोहेर (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) स्वेटरमध्ये एखादा अडकला तर धागा ओढला जाऊन वीण जाते. नाझी चिन्ह असलेला ‘डिस्ट्रॉय’ शर्ट किंवा त्याची नक्कलही नको. 1977 मध्ये ते चिन्ह लोकांना हादरवण्यासाठी वापरलं गेलं, आणि ज्यांच्या घरची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली त्यांना ते तेव्हाही बोचलं. काचेआड ते इतिहास म्हणून पाहता येतं, छातीवर मिरवण्यात काही अर्थ नाही.

दालनात अंधार वाटेल. कापडाचा रंग उडू नये म्हणून प्रकाश साधारण 50 लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवतात. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि मध्येच फोनचा उजळ पडदा पाहिला की ती मेहनत वाया जाते. टॉर्च आणि फ्लॅश चालत नाहीत. एक मीटरच्या आत फोकस होणारी छोटी एकनळी दुर्बीण मात्र फार उपयोगी पडते. नेहमीची दुर्बीण दोन-तीन मीटरच्या आतलं काहीच स्पष्ट दाखवत नाही. टिपणांसाठी पेन्सिल घ्या.

आता कपडे. घोषणा आणि चित्रं फोटोंत हजारदा पाहिलेली असतात, म्हणून इथे शिवण पाहा. सुरुवातीचे टी-शर्ट म्हणजे कापडाचे दोन चौकोन, एकमेकांना जोडलेले, शिवणीची माया बाहेर काढलेली. खांद्याला उतार नाही, त्यामुळे काखेत कापड गोळा होतं. हा बेढबपणा मुद्दामचा आहे. मलमलीच्या शर्टाच्या बाह्या हाताच्या पंज्याच्याही खाली लोंबतात आणि त्या कड्या-क्लिपांनी मागे अडकवायच्या असतात. क्लिप कुठे अडकवली आहे त्यावरून संग्रहालयानं शर्ट कसा ‘घातला’ आहे ते कळतं. ‘अनार्की’ शर्ट जुन्या, साठच्या दशकातल्या तयार शर्टांवर बनवलेले. त्यांवर रंगवलेले पट्टे, शब्दांच्या चिंध्या, कार्ल मार्क्सचा रेशमी तुकडा. मूळ शर्टाची कॉलर आणि बटणपट्टी कारखान्यात नेटकी शिवलेली आहे. वर जोडलेल्या तुकड्यांचे टाके तिच्याशी ताडून पाहा.

बॉण्डेज पँटपाशी सर्वांत जास्त वेळ द्या. दोन गुडघ्यांना जोडणारा पट्टा, मागे लोंबणारं कापड, आणि पायांच्या मधून थेट पाठीमागे जाणारी झिप. पट्टा किती ढिला आहे ते पाहून पाऊल किती लांब टाकता येईल याचा अंदाज करा. हा अंदाज पुढे लागणार आहे.

कारण पुढच्या दालनांत तीच गोष्ट वेगळ्या साहित्यात येते. 1987 च्या ‘हॅरिस ट्वीड’ संग्रहापासून (संग्रह म्हणजे इथे एका हंगामासाठी केलेले कपडे) कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी चोळी, आलं, पण कुशीला ताणलं जाणारं कापड लावून. म्हणजे दिसायला जखडलेलं, अंगात घालायला सोपं. 1993 च्या उंच घिली (नाडीनं बांधायच्या) बुटांनी तर चालणंच बदललं. ते घालून मॉडेल नेओमी कॅम्पबेल पॅरिसच्या रॅम्पवर पडली. फाटण्याचंही तसंच. 1976 चे फाटके शर्ट आणि 1991 च्या ‘कट, स्लॅश अँड पुल’ मधल्या ओळीनं पाडलेल्या चिरा शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यामागे युरोपातल्या प्रबोधनकाळातली चिरा पाडलेली वस्त्रं आहेत. पंकमधला फाटकेपणा तिनं सोडला नाही, त्याला वंशावळ शोधून दिली, आणि आमच्या मते तिचं हेच सर्वांत मोठं काम आहे. 1981 चा ‘पायरेट’ संग्रह या दोन्हींना जोडणारा पूल आहे, तो चुकवू नका.

पाटी वाचताना दोन तारखा वेगळ्या काढा: रचना कधीची आणि प्रत्यक्ष कपडा कधी शिवला. सेडिशनरीज (430 क्रमांकाच्याच दुकानाचं 1976 नंतरचं नाव) दुकानातल्या रचना ऐंशीच्या दशकात ‘बॉय’ या दुसऱ्या दुकानानं पुन्हा बाजारात आणल्या, आणि बनावट मालही पुष्कळ आहे. व्ही अँड एच्या वस्त्रक्रमांकाच्या शेवटी येणारं वर्ष ती वस्तू संग्रहात आल्याचं असतं. ते शिवल्याचं वर्ष समजून लोक हमखास फसतात.

एखादी अपेक्षित वस्तू दिसली नाही तर ती हरवली असं नव्हे. त्याच दुकानाचं नाव ‘सेक्स’ होतं त्या काळातलं रबर आधी चिकट आणि मग ठिसूळ होतं. लोखंडी सेफ्टी पिनांचा गंज सुतात उतरतो. टांगलेलं मोहेर स्वतःच्याच वजनानं ओघळतं. म्हणून हे कपडे थोडे महिने बाहेर राहतात आणि मग कोठारात आडवे ठेवून विश्रांतीला जातात.

तिथेही पोहोचता येतं. पूर्व लंडनमध्ये 2025 मध्ये उघडलेल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसमध्ये संग्रहातल्या वस्तू मागवून टेबलावर पाहता येतात, तेही मोफत. ऑनलाइन संग्रहात ‘वेस्टवुड’ शोधा, क्रमांक लिहून घ्या, एका वेळेस जास्तीत जास्त पाच वस्तू निवडा आणि किमान दोन आठवडे आधी वेळ ठरवा. पाचही टी-शर्ट मागवू नका. एक सेडिशनरीजचा, एक ‘पायरेट’चा आणि एक कॉर्सेट एकत्र मागितलं तर आतली शिवण शेजारी-शेजारी ताडता येते.